माईंनी बोललेलं मौन

पाटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी मौनव्रत घेतलेलं नाही. घसा बिघडलाय.' खाली दोन रेघा ओढल्या आणि पाटी कुमुदताईंच्या नाकासमोर धरली.

कुमुदताई म्हणजे कऱ्हाडला आमच्या घाटावरच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि भर दुकानात वाकून माझ्या पाया पडल्या.

"बघा माई," त्या माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "खरं व्रत करणारा कधी कबूल करतो का? आम्ही एक चतुर्थी धरली तरी चार घरी सांगत सुटतो. आणि ही पोर बघा! चक्क नाही म्हणते."

माई काउंटरमागे कापराच्या पुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तशीच आहे ती. प्रसिद्धी नको असते तिला."

प्रसिद्धी नको! मला! गेली पाच वर्षं मी आणि फिरोज अत्तार गावोगाव गिटार घेऊन हिंडत होतो ते काय लपून बसायला? गाणी माझी, चाली माझ्या, वाजवायला फिरोज. कॉलेजांच्या मैदानांवर गायलो, हॉटेलांत लोक जेवत असताना गायलो, एकदा तर एका शोरूमच्या उद्‌घाटनाला ट्रॅक्टरशेजारी उभं राहून गायलो. माइक चालला तर ठीक, नाही तर नुसत्या घशावर. शेवटी घशानं हात टेकले. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी आहेत. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. नंतर हळूहळू व्यायाम, आणि नशीब बरं असेल तर दोन-अडीच महिन्यांनी गाणं.

हे ऐकून मी घरी आले आणि तिसऱ्याच दिवशी आषाढी एकादशी. आमचं दुकान पूजा-साहित्याचं. एकादशीला तिथं उभं राहायला जागा नसते. मी गप्प बसून तुळशीच्या माळा देत होते, तेव्हा कुमुदताईंनीच विचारलं होतं, "सून बोलत का नाही हो? रुसलीय का?"

आता माईंनी सांगायचं ना, गाऊन गाऊन घसा गेलाय म्हणून. पण लग्न झाल्यापासून सगळी आळी माईंना टोचत होती, 'सुनेला गाण्याचं वेड आहे म्हणे, हॉटेलात गाते म्हणे.' त्या आळीसमोर घसा गेल्याचं सांगायचं म्हणजे 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो' हे ऐकून घ्यायचं. माईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मौन धरलंय तिनं. चातुर्मासाचं."

संपलं. चातुर्मासाचं मौन म्हणजे कार्तिकीपर्यंत. चार महिने. डॉक्टरांनी सांगितलेले तीन आठवडे गेले चुलीत.

सुरुवातीला मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. दुकानातली दसऱ्याच्या पाटीपूजनाची एक पाटी मी घेतली, तिला दोरी बांधून गळ्यात अडकवली. तीन आठवडे गप्पच बसायचं होतं, लोक काय समजतात याच्याशी मला काय करायचंय? पण बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी 'बोल' म्हणून सांगितलं, मी घरी आले, स्वयंपाकघरात गेले, आणि तोंड उघडलं. "माई, चहा..."

एवढंच. माईंनी धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला कापराचा वास होता. अजूनही देवळात कापूर पेटला की माझे ओठ आपोआप मिटतात.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. हात काढेनात. "देवाच्या नावानं शब्द गेलाय माझ्या तोंडून. एकादशीच्या दिवशी, दुकानात, देवाच्या तसबिरीखाली. आता तो मोडायचा नाही."

मी त्यांचा हात बाजूला केला आणि पाटीवर लिहिलं, 'तुम्ही खोटं बोललात. देवाला ते कळतं.'

"मला नको शिकवूस. सोळा सोमवार धरले होते मी. तेराव्या सोमवारी मामेबहिणीच्या लग्नात गेले आणि पंगतीत बसून जेवले. सगळ्या म्हणाल्या, काही होत नाही गं. त्याच महिन्यात श्रीरंगचे बाबा गेले." माईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या घाबरलेल्या होत्या. "आता माझ्या घरात पुरुषमाणूस म्हणून श्रीरंग एकटाच आहे. त्याच्या जिवाशी खेळ नको, उत्तरा. कार्तिकीपर्यंतच तर आहे."

काय बोलणार? म्हणजे काय लिहिणार? असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण श्रीरंगला साधा ताप जरी आला असता तरी जन्मभर या घरात माझ्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं गेलं असतं, ते मला कळत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

श्रीरंग माझा नवरा. माणूस साधा, सरळ, आईच्या शब्दाबाहेर नसलेला. आमच्या खोलीचं दार लावून मी त्याच्याशी बोलले, तर तो दचकून दाराकडे बघायला लागला. "हळू गं. आई ऐकेल."

"ऐकू दे. मला कोजागिरीला पुण्यात गायचंय. तुला माहितीय. पहिल्यांदाच अख्खा कार्यक्रम आमच्या गाण्यांचा आहे, तिकीट लावून. पाच वर्षं कशासाठी घासली मी?"

"बघू ना. तोवर काहीतरी होईल." मग उशी नीट करत तो हसून म्हणाला, "पण काही म्हण, घर किती शांत झालंय."

त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नसेल. पण मला ते असं लागलं की त्या दिवसापासून मी त्याच्याशीही बोलायचं बंद केलं. जगासाठी मौन माईंनी बोललेलं होतं. नवऱ्यापुरतं मात्र ते माझं स्वतःचं होतं.

मुक्या माणसाजवळ लोक किती बोलतात हे मला तेव्हा कळलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की आळीतल्या बायका स्टूल ओढून माझ्याजवळ बसायच्या. एकीला नवऱ्यानं पंधरा वर्षांत नावानं हाक मारलेली नव्हती. एकीनं लेकीचं पत्र फाडून टाकलं होतं आणि आता तिला त्यातलं अक्षरन् अक्षर आठवत होतं. मी पुढं काही बोलणार नाही, सल्ला देणार नाही, कुणाला सांगणार नाही, याची त्यांना खात्री. जाताना त्या माझ्या हातावर केळं ठेवायच्या. मी मनातल्या मनात किंचाळायचे, 'अगं बायांनो, मी पण अडकलेय, माझं कोण ऐकणार?'

घशाचा व्यायाम मात्र करावाच लागणार होता. पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात प्लॅस्टिकची नळी बुडवायची आणि नळीतून सूर लावायचा. पाणी बुडबुडतं, घशावर ताण येत नाही. डॉक्टरांनी दिवसातून चारदा करायला सांगितलं होतं. मी ते माईंना पाटीवर लिहून दिलं. त्यांनी बराच विचार केला.

"शब्द येतो का त्यात?"

मी मान हलवली. नाही.

"मग चालेल," माई म्हणाल्या. "मौन शब्दाचं असतं. सुराचं नसतं. पण माझ्या समोर कर."

मग दुकानामागच्या गोडाऊनमध्ये, उदबत्त्यांच्या खोक्यांत बसून मी पेल्यात गायला लागले. दाराशी माई राखणीला. एकदा कुमुदताई आल्या आणि कान टवकारून म्हणाल्या, "माई, मागं कसला आवाज येतोय?"

"पाण्याची मोटर," माई म्हणाल्या. "हवा धरतेय मेली."

मी नळी तोंडात धरून हसले आणि सगळं पाणी नाकात गेलं. त्या बाईवर मला धड रागावताही येत नव्हतं.

खरं सांगते, मोटर हवा धरत होती त्या दिवसांत माझ्या चाली बदलल्या. शब्द वापरायचा नाही, जोर लावायचा नाही, त्यामुळे सूर जिथं नेईल तिथं जायचं. बायकांचं बोलणं डोक्यात असायचंच. एका दुपारी पाटीवर चार ओळी उतरल्या:

उंबऱ्यापाशी काढून आले
चप्पल आणि माझं नाव
आत विचारी जो तो मजला
सांग सुने, तुझं कुठलं गाव

माईंनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. कपाटाला किल्ली लावायला म्हणून गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

भाद्रपदात फिरोज आला. दुकानात शिरला, माझ्या गळ्यातली पाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हे काय नाटक आहे, उत्तरा? डॉक्टर तर म्हणाले बरी झालीस."

मी सगळी हकीकत लिहून दाखवली. पाटी पाच वेळा पुसावी लागली.

"हे बघ," तो म्हणाला, "तारीख माझ्या हातात नाही. पोस्टरं छापून झालीत. तू आली नाहीस तर कार्यक्रमवाले दुसरी मुलगी उभी करणार. बघून ठेवलीय त्यांनी, गाते पण चांगली. तुझी गाणी तिच्या तोंडी बसली की बसली मग. मला हो की नाही ते सांग."

माई तिथंच होत्या, वातींचा गठ्ठा सोडवत. मी त्यांच्याकडे न बघता लिहिलं, 'हो.' त्यांनी ते वाचलं हे मला न बघताही कळलं. फिरोजला त्यांनी जाताना प्रसादाचे पेढे बांधून दिले, आणि माझ्याकडे दिवसभर पाठ फिरवली.

माझा बेत सोपा होता. कोजागिरीला सकाळी फिरोजच्या गाडीत बसायचं, पुण्याला जायचं, गायचं, परत येऊन पाटी गळ्यात घालायची. पुण्यात मला कोण ओळखतंय? माईंना आतल्या आत कळेल, पण आळीसमोर त्यांचा शब्द राहील. आणि करायला गेले गणपती, झाला मारुती. कुमुदताईंनी नेमका त्याच सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये माझा सत्कार ठेवला. साडी, नारळ, चौरंगाभोवती रांगोळी. फिरोजला मी निरोप धाडला, दहाला खाली थांब.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत माई आणि श्रीरंग. कुमुदताई बोलायला उभ्या राहिल्या.

"ही मुलगी पूर्वी गाणी गात फिरायची. हॉटेलात, रस्त्यावर. मी नावं ठेवत नाही, वय असतं. पण देवानं बघा कशी दिशा दाखवली! गाणं टाकलं आणि मौन धरलं. आपल्या पोरींनी हे शिकण्यासारखं आहे."

टाळ्या पडल्या. मी चौरंगावर बसून होते आणि कानांत नुसतं सूं वाजत होतं. टाकलं? मी गाणं टाकलं? तीन महिने माझं तोंड बंद होतं तेवढ्यात या लोकांनी माझी गोष्ट लिहूनसुद्धा टाकली, आणि शेवट असा केला!

"आज चारपासून कोजागिरीचं सहस्रनाम आहे," कुमुदताई पुढं म्हणाल्या. "ते संपेपर्यंत उत्तरा इथंच चौरंगावर मौनात बसेल. तिच्यासमोर नाम घेतलं तर दुप्पट फळ."

मी पाटी उचलली. लिहिलं, 'मला आत्ता पुण्याला जायचं आहे.'

कुमुदताईंनी मोठ्यानं वाचलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. "आज? पुण्याला? कशाला गं?"

मी माईंकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले होते. मला जोडले होते की देवाला, कोण जाणे. बाजूला श्रीरंग खाली बघत होता. एक 'डॉक्टरकडे' असं लिहिलं असतं तरी सगळं निभावलं असतं. खडू टेकवलासुद्धा मी. पण ते एक खोटं आणखी लिहिलं असतं, तर पुण्यात काहीही गायले असते तरी इथं मी कायमची गाणं टाकलेली बाई झाले असते.

मी लिहिलं, 'गायला.' आणि पाटी कुमुदताईंना न दाखवता सगळ्या हॉलकडे वळवली.

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे व्रत मोडणार?"

"अगं बाई, घरात एकच कर्ता पुरुष," दुसरी म्हणाली.

माई उठल्या. त्या स्टेजवर येईपर्यंत मला वाटत होतं, आता पुन्हा तो हात माझ्या तोंडावर येणार. त्यांनी हात पुढं केला तो माझ्या गळ्यातली पाटी काढायला.

"हिनं काही धरलेलं नाही," माई म्हणाल्या. माइक लागलाच नाही त्यांना, तो आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा. "ही पहिल्या दिवसापासून तुम्हाला लिहून दाखवतेय, कुणी वाचलंत का? गाऊन गाऊन घसा फुटला होता पोरीचा. मला लाज वाटली, मी मौन म्हणाले. आणि भीती वाटली म्हणून तिला गप्प बसवलं. ती मोटरबिटर काही नव्हती कुमुदताई, हीच गात होती."

कुमुदताईंच्या हातातला नारळ तसाच.

"देवाला शब्द गेलाय, तो मोडायचा नाही हे खरं," माई म्हणाल्या. "आजारी माणसाचा उपास घरातलं दुसरं कुणी पुरा करतं की नाही? मग हे तर माझ्याच जिभेनं बोललेलं आहे. उरलेलं मी फेडीन. कार्तिकीपर्यंत." मग माझ्याकडे वळल्या. चेहरा पांढरा पडलेला, पण आवाज नेहमीचा, दटावणीचा. "उत्तरा, बोल आता. उशीर होतोय तुला."

तीन महिन्यांनी भर लोकांत माझा आवाज फुटला तो "माई" म्हणून.

त्यांनी पाटी गळ्यात घातली, पदरानं 'गायला' पुसलं आणि खडूनं लिहिलं, 'जा.'

गाडीत श्रीरंग न विचारता मागं येऊन बसला. सातारा आल्यावर म्हणाला, "घर शांत झालंय म्हणालो होतो ना मी. चूक झाली." मी तेव्हा त्याला माफ केलं नाही. पण पाण्याची बाटली घेतली त्याच्या हातातून.

पुण्यात दीडशे खुर्च्या होत्या, शंभरेक भरल्या. सगळी गाणी मी दोन पट्ट्या खाली गायले. पूर्वी घसा ताणून मारायचे ती जागा आता लागत नव्हती, मग तिथं नळीतून काढायचे तसा सूर काढला, अगदी अलगद. उंबऱ्याच्या गाण्याला मधल्या कडव्यात आवाज फाटला. फिरोजनं माझ्याकडे पाहिलं आणि वाजवत राहिला. गाणं संपल्यावर पहिल्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत उभी राहिली. आज माझे तीन अल्बम आहेत, ना कुठली कंपनी, ना कुणाची नोकरी. पण तो सूर मी अजून बदललेला नाही.

माईंनी सव्वीस दिवस दिलेला शब्द पाळला. गिऱ्हाइकांशी भांडण झालं तर पाटीवर करकचून लिहायच्या, खडू मोडायचे. फोन वाजला की हात आपोआप जायचा आणि मागं यायचा. आळीतल्या बायका आता त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसायला लागल्या. संध्याकाळी माईंचा चेहरा पार उतरलेला असायचा.

कार्तिकीला घाटावर उद्यापन. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची असते. पितळी घंटा आमच्याच दुकानातली. कुमुदताई आल्या होत्या, जरा फुगून होत्या, पण आल्या होत्या. "पहिला शब्द देवाचा हं माई," त्या म्हणाल्या.

माईंनी घंटा टांगली, वाजवली. "पांडुरंगा," म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. मग त्या वळून थेट माझ्याकडे आल्या.

"सव्वीस दिवसांत जीव गुदमरला गं माझा," त्या म्हणाल्या. "तू तीन महिने कसे काढलेस?"

या प्रश्नाची उत्तरं मी गोडाऊनमध्ये बसून घासूनपुसून तयार ठेवली होती. एकाहून एक जहाल. त्यातलं एकही ओठांवर येईना.

"नळीतून, माई," मी म्हटलं.

त्या हसल्या, आणि हसता हसता घाटाच्या पायरीवर बसून रडायला लागल्या. पदरानं नाक पुसून झाल्यावर म्हणाल्या, "ते उंबऱ्याचं म्हण. सगळ्या पुण्यानं ऐकलं, मी कुठं ऐकलंय? चारच ओळी वाचल्यात पाटीवर."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून म्हटलं. मधल्या कडव्यात तिथंच पुन्हा आवाज फाटला. माईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुढं."